माशाच्या पोटातील अदृश्य परिवार

तळ्यात मत्स्यबीज सोडावे, त्याला नेमाने भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड घालावी, पाण्याची निगा राखावी, म्हणजे मासे वाढतात, हा मत्स्यपालन करणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. परंतु घातलेल्या खाद्याचे मांसात रूपांतर करण्याचे काम मासा एकटा करीत नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक माशाच्या आतड्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची एक वसाहत नांदत असते. आतड्यातील एका ग्रॅम ऐवजात या जिवाणूंची संख्या कोट्यवधी भरते. माशाने गिळलेल्या अन्नावर ते जगतात आणि त्याच्या मोबदल्यात माशाला पचनात, पोषणात आणि रोगांपासून होणाऱ्या संरक्षणात साहाय्य करतात. जीवशास्त्रात या नात्याला सहजीवन म्हणतात. मासा हा यजमान आणि जिवाणू हे त्याच्या घरी राहून हातभार लावणारे पाहुणे, असे त्याचे स्वरूप सांगता येईल.

तात्पर्य, तळ्याचा मालक एकाच वेळी दोन प्रकारच्या जीवांचे पालन करीत असतो. एक पाण्यात पोहताना दिसतो. दुसरा त्याच्या पोटात दडलेला असतो. पहिल्याची काळजी घेताना दुसऱ्याचा विसर पडला, तर केलेला खर्च वाया जाण्याचा संभव असतो. रोग होऊ नये म्हणून निरोगी माशांनाही खाद्यातून प्रतिजैविक औषधे चारण्याचा मोह अनेकांना होतो. त्या दृष्टीने या अदृश्य परिवाराची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

हा परिवार येतो कोठून?

अंड्यात वाढणाऱ्या माशाच्या पिलाचे आतडे जंतुविरहित असते. अंड्याच्या कवचावर व सभोवतालच्या पाण्यात मात्र नाना जातींचे जिवाणू असतात. अंड्यातून बाहेर पडल्यानंतर पहिले काही दिवस पिलू आपल्या पोटाशी असलेल्या बलकावर जगते. पुढे त्याचे तोंड उघडते, ते पाणी गिळू लागते, पहिला घास घेते आणि त्याच क्षणापासून आतड्यात वसाहत होऊ लागते.

कटला, रोहू, मृगळ हे आपल्या परिचयाचे मासे ज्या कुलातील आहेत, त्या कुलातील माशांना खरे जठर नसते. माणसाच्या जठरात तीव्र आम्ल असते आणि अन्नाबरोबर गेलेले पुष्कळसे जिवाणू तेथेच नष्ट होतात. जठर नसलेल्या माशात हा अडसर नसल्यामुळे पाण्यातील व चिखलातील जिवाणू थेट आतड्यात जिवंत पोहोचू शकतात. ज्या पाण्यात पिलू वाढते त्या पाण्याचा संस्कार त्याच्या पोटावर होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

या दृष्टीने मत्स्यबीज केंद्राचे महत्त्व विशेष आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कार्प जातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी करून दाखविले. तोवर नदीतून गोळा केलेल्या बीजावर विसंबून राहावे लागत असे; त्यानंतर केंद्रातील टाक्यांत बीज तयार होऊ लागले. या थोर कामगिरीच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. केंद्रात जन्मलेल्या मत्स्यजिऱ्यांना जिवाणूंची पहिली ओळख नदीच्या पाण्यातून न होता टाकीच्या पाण्यातून होते. म्हणूनच टाकीतील पाण्याची स्वच्छता हा केवळ टापटिपीचा प्रश्न राहत नाही.

पाण्यातील सर्वच जिवाणूंना मात्र आतड्यात कायमची जागा मिळत नाही. कोणाला ठेवावयाचे आणि कोणाला वाटेस लावावयाचे, याची निवड यजमानाचे शरीरही करीत असते. २००६ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी यासंबंधी एक लक्षणीय प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी माशाच्या आतड्यातील जिवाणू जंतुविरहित उंदरांत आणि उंदराच्या आतड्यातील जिवाणू जंतुविरहित माशांत सोडले. काही काळाने पाहता, दोन्ही ठिकाणी जिवाणूंच्या गटांचे परस्पर प्रमाण नव्या यजमानाला साजेल असे बदललेले आढळले. बी एकच असले तरी जमीन बदलली की कोणते रोप जोमाने वाढेल ते बदलते, तसाच हा प्रकार होय.

जिवाणूंवाचून वाढलेला मासा

हे पाहुणे खरोखरच उपयोगी पडतात की नुसते फुकट राहतात, हे ठरविण्याचा सरळ मार्ग म्हणजे त्यांच्यावाचून मासा वाढवून पाहणे. यासाठी शास्त्रज्ञांनी निवडलेला मासा मूळचा आपल्याच उपखंडातील आहे. गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील ओहोळांत आणि भातखाचरांत आढळणारा, अंगावर निळसर पट्टे असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा हा झेब्रा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. त्याची पिले काचेसारखी पारदर्शक असल्यामुळे पोटातील घडामोडी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणीच पाहता येतात.

अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली जंतुविरहित वातावरणात वाढविलेली पिले आणि नेहमीच्या पाण्यात वाढलेली पिले यांची तुलना प्रसिद्ध केली. जिवाणूंच्या अस्तित्वामुळे पिलांच्या पचनमार्गातील २१२ जनुकांच्या कार्यात फरक पडतो, असे त्यांना दिसून आले. आतड्याच्या अस्तरातील पेशींची वाढ, अन्नद्रव्यांचा उपयोग आणि रोगजंतूंना तोंड देण्याची उपजत शक्ती अशा मूलभूत गोष्टींशी यांतील अनेक जनुकांचा संबंध होता. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असेही आढळले की, जिवाणू असलेल्या पिलांचे आतडे खाद्यातील स्निग्धांश अधिक प्रमाणात शोषून घेते. तेच खाद्य, तेवढेच खाद्य. परंतु जिवाणू सोबतीला असले म्हणजे त्यातून अंगी लागणारा अंश वाढतो. खाद्यावर होणारा खर्च हाच मत्स्यपालनातील मोठा खर्च असल्यामुळे या गोष्टीचे मोल मत्स्यपालकाला सांगावयास नको.

जीवनसत्त्वाचा कारखाना

रक्त तयार होण्यासाठी लागणारे ब-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती अथवा प्राणी स्वतः बनवू शकत नाही. ते बनविण्याची कला केवळ जिवाणू व त्यांच्यासारखे अतिसूक्ष्म जीव यांनाच अवगत आहे. माणसाला ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. मग कोंडा आणि पेंड खाऊन वाढणाऱ्या माशाच्या अंगात ते कोठून येते?

अमेरिकेतील मार्जारमिशीच्या एका माशावर १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिले. या माशाच्या आतड्यातील जिवाणू रोजच्या रोज ब-१२ तयार करतात, असे त्यात सिद्ध झाले. या जीवनसत्त्वाच्या घडणीत कोबाल्ट या धातूचा सूक्ष्म अंश लागतो. खाद्यातून कोबाल्ट वगळले तेव्हा जीवनसत्त्वाची निर्मिती घटली. खाद्यात जंतुनाशक औषध मिसळले तेव्हाही ती घटली आणि माशाच्या यकृतातील ब-१२ चा साठा कमी झाला. म्हणजे एका हाताने पौष्टिक खाद्य द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने औषध घालून पोटातील कारखाना बंद पाडावयाचा, असा हा उफराटा व्यवहार ठरतो.

पुढील काळात तिलापिया आणि कार्प या माशांतही असेच घडते, असे दिसून आले. गोड्या पाण्यातील अनेक माशांच्या आतड्यात सेटोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू विपुल असतो आणि तो ब-१२ तयार करतो, ही माहितीही उपलब्ध झाली आहे. या जिवाणूला प्राणवायूचा संपर्क सोसत नाही. म्हणून आतड्याचा अंधारा, कोंडलेला भाग त्याला मानवतो.

गवत्या मासा आणि गाय

गवत खाऊन गाय दूध देते, ते तिच्या पोटातील जिवाणूंच्या साहाय्याने, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. गवतातील काष्ठतंतू विरघळविणारा पाचक रस गाईच्या शरीरात तयार होत नाही. ते काम तिच्या पहिल्या प्रशस्त जठरातील सूक्ष्म जीव करतात. मग १९५९ साली हाँगकाँगहून भारतात आणलेला गवत्या मासाही असेच करतो काय?

याचे उत्तर ‘काही अंशी’ असे द्यावे लागेल. गवत्याच्या घशातील करवतीसारखे दात गवत कातरतात, पानांतील पेशी फुटतात आणि आतील रस पचतो. काष्ठतंतू विरघळविणारे जिवाणू त्याच्या आतड्यात आहेत. परंतु गाईच्या पोटात चारा एक-दोन दिवस मुरतो, तर उष्ण पाण्यातील गवत्याच्या आतड्यातून तो काही तासांतच पुढे सरकतो. इतक्या अल्प अवधीत जिवाणूंना सर्व काम उरकता येत नाही. बरेचसे गवत अर्धवट पचलेल्या स्थितीत बाहेर पडते. मात्र तेही वाया जात नाही. तळ्यात ते खत म्हणून पडते, त्यावर प्लवक वाढते आणि चंदेरा, कटला यांसारख्या माशांना त्याचा लाभ होतो. मिश्र मत्स्यपालनात गवत्याला स्थान मिळाले त्याचे हे एक कारण होय.

रोहूच्या बाबतीत शांतिनिकेतन येथील विश्वभारती विद्यापीठातील संशोधन उद्बोधक आहे. रोहूच्या बोटुकलीच्या आतड्यात काष्ठतंतूंचे विघटन करणारी क्रिया कोठून येते, याचा शोध तेथे घेण्यात आला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घातलेल्या खाद्यावर वाढविलेल्या बोटुकलीत ही क्रिया घटलेली आढळली. म्हणजे ती बव्हंशी जिवाणूंचीच देणगी होती.

समुद्रात तर या सहजीवनाची आणखी नवलाची उदाहरणे आहेत. तांबड्या समुद्रातील शेवाळभक्षक सर्जन माशाच्या आतड्यात १९८५ साली एक सूक्ष्म जीव आढळला. तो इतका मोठा होता की, तो जिवाणू असेल असे प्रथम कोणाला वाटले नाही. १९९३ साली तो जिवाणूच असल्याचे सिद्ध झाले. त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरहून अधिक भरते. नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखा दिसणारा हा जीव सूक्ष्म जीव कसा म्हणावा, असाच प्रश्न पडावा!

मित्र केव्हा उलटतो?

पोटातील सर्व जिवाणू सर्वकाळ सज्जनच असतात, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. गोड्या पाण्यातील माशांच्या आतड्यात एरोमोनास या गटाचे जिवाणू नेहमी आढळतात. मासा सशक्त असेतो त्यांचा उपद्रव होत नाही. परंतु तळ्यात दाटी झाली, पाण्यातील प्राणवायू घटला, तळाचा गाळ कुजला अथवा हाताळताना माशाची कातडी खरचटली, म्हणजे यांतील काही जाती शरीरात शिरून रोग उत्पन्न करतात. अंगावर लाल चट्टे उठणे, पोट पाण्याने फुगणे, खवले उभे राहणे ही त्याची लक्षणे होत.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आतड्यात हितकारक जिवाणूंची दाट वस्ती असली, तर अपायकारक जिवाणूंना पाय रोवावयास जागा व अन्न मिळत नाही. भाताचे पीक दाट उभे असले म्हणजे तणाला डोके वर काढता येत नाही, तसेच हे आहे. ही वस्ती औषधाने उजाड केली, की मोकळ्या जागेत प्रथम कोण शिरेल याचा नेम नसतो.

औषधाचा अविचार

प्रतिजैविके ही मानवाला लाभलेली मोठी देणगी आहे आणि रोगनिदान झाल्यावर तज्ज्ञाच्या सल्ल्याने त्यांचा उपयोग करण्यास स्थान आहे. परंतु निरोगी माशांना टॉनिक म्हणून ती चारणे हे तीन प्रकारे घातक ठरते. पहिली हानी माशाची: पचनाला व पोषणाला हातभार लावणारे जिवाणू मरतात. दुसरी हानी समाजाची: औषधाच्या माऱ्यातून जे थोडे जिवाणू तगतात, ते त्या औषधाला दाद न देणारे असतात. त्यांची वाढ होते आणि हा गुण ते शेजारच्या निराळ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. पुढे तेच औषध माणसाच्या आजारात निरुपयोगी ठरण्याचा धोका उद्भवतो. तिसरी हानी व्यापाराची: औषधाचा अंश मांसात उरला, तर परदेशी बंदरात माल नाकारला जातो आणि एकाच्या चुकीचे फळ सर्व उत्पादकांना भोगावे लागते.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरॅन गटातील औषधे यांचा मत्स्यसंवर्धनातील वापर भारतात निषिद्ध आहे. २००५ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाच्या नियमांनुसार किनारी भागातील कोळंबी व मत्स्यसंवर्धनातही अनेक प्रतिजैविके वापरण्यास मनाई आहे. खाजण जमिनीत संवर्धन करणाऱ्या शेतकऱ्यांनी व सहकारी संस्थांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

हितकारक जिवाणू खाद्यातून देण्याचा मार्गही आता रूढ झाला आहे. जपानमध्ये १९८६ च्या सुमारास अशा जिवाणूंचे बीजकण माशांच्या खाद्यात मिसळून पाहण्यात आले आणि तेव्हापासून या दिशेने पुष्कळ काम झाले आहे. परंतु अशी तयार पाकिटे व बाटल्या घेताना केवळ जाहिरातीवर भिस्त ठेवू नये. एका जातीच्या माशाला उपयोगी पडलेला जिवाणू दुसऱ्या जातीला अथवा निराळ्या पाण्यात उपयोगी पडेलच असे नाही. बाटलीने गढूळ पाणी निवळत नाही आणि दाटीने घुसमटलेला मासा सुधारत नाही.

मासा मेल्यानंतर

या सहजीवनाचा शेवट माशाच्या मृत्यूबरोबर होतो. जिवंत, निरोगी माशाचे मांस जंतुविरहित असते. जिवाणू असतात ते कातडीवर, कल्ल्यांत आणि आतड्यात. मासा मरताच शरीराचा प्रतिबंध संपतो. पोटातील पाचक रस आतड्याच्या भिंती जिरवू लागतात आणि काल जे जिवाणू सेवक होते तेच आज मांसात शिरून ते नासवू लागतात. पोट भरलेले तारले लवकर फुटतात, त्याचे मूळ याच पाचक रसांत आहे.

यावरचा उपाय जुना व खात्रीचा आहे. मोठ्या माशाचे पोट लगेच साफ करावे, आतडी व कल्ले काढावेत, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि भरपूर बर्फात ठेवावे. आपल्याकडील माशांवरचे जिवाणू उष्ण पाण्याला सरावलेले असल्यामुळे बर्फाच्या थंडाव्यात त्यांची वाढ फारच मंदावते. त्यामुळे उष्ण प्रदेशातील मासा बर्फात साधारणपणे थंड प्रदेशातील माशाहून अधिक दिवस टिकतो. बर्फावर केलेला खर्च बाजारभावाने भरून निघतो. तळ्यातील मासे काढण्यापूर्वी एक दिवस खाद्य बंद ठेवल्यास आतडी रिकामी होतात आणि मासा अधिक काळ ताजा राहतो.

शाळेत व तळ्यावर

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज दाखविता येईल. बाजारातून रोहू किंवा शेवटा यांसारखा वनस्पती व गाळातील कण खाणारा एक मासा आणि मरळ किंवा चोणक यांसारखा दुसऱ्या माशांना खाणारा एक मासा आणावा. दोहोंची आतडी काळजीपूर्वक सोडवून, सरळ करून, त्यांची लांबी माशाच्या लांबीशी ताडून पाहावी. मांसाहारी माशाचे आतडे आखूड, तर रोहूचे आतडे शरीराच्या अनेक पट लांब व वेटोळे घातलेले आढळेल. पचावयास कठीण अन्न अधिक काळ आत राहावे आणि पाचक रसांना व जिवाणूंना काम करावयास अवसर मिळावा, हा त्या लांबीचा अर्थ विद्यार्थ्यांना समजावून सांगावा. काम झाल्यावर हात साबणाने धुण्याचा पाठही त्याच वेळी देता येईल.

मत्स्यपालकांनी पाळावयाचे नियम थोडके आहेत. तळे शक्य असेल तेव्हा आटवून, तळाला ऊन देऊन, चुना टाकून तयार करावे. विश्वासू केंद्राचेच बीज घ्यावे. पिशवीतील बीज एकदम न सोडता तळ्याच्या पाण्याशी त्याचे तापमान जुळू द्यावे. खाद्य अचानक बदलू नये. नवे खाद्य जुन्यात मिसळून हळूहळू वाढवावे, म्हणजे पोटातील परिवारालाही त्याची सवय होते. खाद्य उरून कुजेल इतके घालू नये. बुरशी आलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर ती प्राणवायू घटल्याची खूण समजून खाद्य थांबवावे व ताजे पाणी द्यावे. रोगाची शंका येताच औषधाच्या दुकानाकडे धाव न घेता आजारी मासे दाखवून मत्स्यविभागाच्या नजीकच्या कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

शेतकऱ्याला जमिनीचा कस कळतो. वरून दिसणारे पीक मातीतील असंख्य सूक्ष्म जीवांच्या कष्टावर उभे असते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने माहीत आहे. तळ्यातील माशाचेही तेच आहे. त्याचा कस त्याच्या पोटात आहे आणि स्वच्छ पाणी, बेताचे खाद्य व औषधांच्या बाबतीतील संयम या तीन गोष्टींनी तो टिकतो.